आतला झगा

१

संग्रहालयाच्या मागच्या बाजूला एक लांबोडकी खोली होती. त्या खोलीत काम करणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत. वयाने मोठा असलेला सुतारही म्हणे आणि संचालकसाहेबही. तिचं काम जुने कपडे सांभाळण्याचं. धुणं नाही, शिवणं नाही, इस्त्री तर नाहीच नाही. जे जसं आलं आहे ते तसंच टिकवायचं. कुणी विचारलं तर ती म्हणे, "म्हाताऱ्या कपड्यांची नर्स आहे मी." आणि कुणी हसायच्या आत स्वतःच हसून मोकळी होई.

त्या वर्षी साहेबांनी लिननचं प्रदर्शन भरवायचं मनावर घेतलं होतं. जवसाच्या देठातून निघणाऱ्या एका धाग्याने माणसाला आजवर काय काय घातलं, त्याची गोष्ट. मृतदेहाला गुंडाळलेल्या अतिप्राचीन कापडाचा तळहाताएवढा तुकडा होता. थरावर थर घालून शिवलेलं एका सैनिकाचं जाडजूड जाकीट होतं. खळ देऊन कडक केलेली ताटाएवढी गोल कॉलर होती; ती घालून माणूस जेवत कसा असेल यावर खोलीत रोज नवा विनोद व्हायचा. नर्सचे एप्रन होते, उन्हाळी सूट होते. आणि या सगळ्यांच्या मधोमध ठेवायचा होता तो एका बाईचा आतला झगा.

आतला झगा म्हणजे अंगाला लागून घालायचा. वरचे लोकरीचे आणि रेशमाचे भारी कपडे वर्षानुवर्षं पाण्याला शिवायचे नाहीत; धुतला जायचा तो हा. घाम, दूध, रक्त, आजारपण, सगळं यानेच पोटात घातलेलं. घरच्या माणसांपलीकडे तो कुणाच्या नजरेला पडत नसे. ज्या बाईचा हा झगा होता तिचं नावही कुठे लिहिलेलं नव्हतं.

लिननची एक खोड असते. ते एकदा का सुरकुतलं की सहजासहजी विसरत नाही. त्या झग्यावरून हात फिरवून ताईने बाई ओळखली होती. म्हातारी. उजवा खांदा पडलेला. पाठीला पोक, पोट सुटलेलं, आणि बसताना डाव्या अंगावर भार टाकायची सवय. आता अशा कपड्याला दाखवायचं तर आत पुतळा हवा, आणि या कामात कपड्याला पुतळ्यासारखं करत नाहीत, पुतळ्याला कपड्यासारखं करतात. सुताराकडची सगळी धडं मात्र तरुण आणि ताठ. डोकं नाही, हात नाहीत, मांड्यांपाशी संपणारी. ताईने त्यावर कापूस लावला, काढला, पुन्हा लावला. झगा उसना आणल्यासारखाच दिसत राहिला.

"ताई, यात माणूस दिसत नाहीये हो," साहेब म्हणाले. "हँगर दिसतोय."

बोलणं मऊ होतं, पण ताईच्या जिव्हारी लागलं.

२

घरी आई होती. पडल्यापासून अंथरुणाला खिळलेली. दिवसभर शेजारच्या वहिनी येऊन बसायच्या, भरवायच्या, गप्पा मारायच्या. पण अंग पुसायचं आणि कपडे बदलायचे ते लेकीनेच, सकाळी, दाराला कडी घालून आणि खिडकीचा पडदा ओढून. "वहिनी सोन्यासारखी आहे गं," आई म्हणे, "पण तिच्यासमोर नको. एवढं एक माझं ऐक." बाकी कशाचाच तिचा हट्ट उरला नव्हता. जेवणाचा नाही, औषधाचा नाही. एवढा एकच.

एका सकाळी पाठ पुसताना ताईचा हात थांबला. उजवा खांदा पडलेला. पाठीला पोक. डाव्या अंगावर कललेली कंबर.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"काही नाही. पाणी गार झालं."

दुसऱ्या दिवशी ती कामावरून कागदी चिकटपट्टीची रिळं घेऊन आली. युक्ती साधी असते. उघड्या अंगावर पातळ प्लास्टिक गुंडाळायचं, त्यावर ही पट्टी पाण्यात भिजवून तिचे थर द्यायचे, वाळले की मागून कात्रीने उभं कापून सोलून घ्यायचं. आत कापूस भरला की माणसाचं धड जसंच्या तसं तयार.

"हे काय बाई नवीन?"

"डॉक्टरांनी सांगितलंय. पाठीला आधार म्हणून."

आई पलंगाची कड धरून बसून राहिली. थंडीने तिच्या अंगावर काटा आला होता. ताई गुडघ्यांवर बसून तिच्या पोटाभोवती, छातीभोवती, पाठीभोवती पट्ट्या फिरवत होती आणि मनात मापं घेत होती.

"घट्ट नाही ना होत?"

"नाही गं. तू करतेयस ना, मग काय."

कापून काढल्यावर आई म्हणाली, "हे काय, लगेच सोडलं?" ताई म्हणाली, "आज एवढंच." मग ते चादरीत गुंडाळून तिने काखोटीला मारलं. दारात वहिनी भेटल्या. "एवढं काय घेऊन चाललात?" "कामाचं आहे," ताई म्हणाली, आणि जिन्यावरून खाली उतरेपर्यंत तिचे कान तापलेले होते.

आईला विचारता आलं असतं. विचारलं असतं तर आई नाही म्हणाली असती. म्हणूनच विचारलं नव्हतं. ही गोष्ट ताईला पुरती ठाऊक होती, आणि तिने ती पुरती दाबून ठेवली.

३

झगा त्या धडावर असा बसला की ताईलाच क्षणभर कसंसं झालं. कुठे ओढायला लागलं नाही, कुठे टाचणी लागली नाही. नुसता सरकत खाली आला आणि राहिला.

"वा!" साहेब म्हणाले. "आता माणूस आला. कुणाच्या मापाचं केलंत?"

"अंदाजाने केलं," ताई म्हणाली.

साहेबांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. हा चष्मा ते सदान्‌कदा कपाळावर ठेवत आणि मग सगळ्यांना शोधायला लावत. ते धडाच्या मागे गेले, वाकले, आणि कमरेखालच्या पिवळ्या डागावर त्यांनी पेनाचं टोक नेलं. "दिवा इथे हवा. मागून. लोकांना खरं तर हेच बघायचं असतं." ताईने मान डोलावली. दिवा बसवला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडली तेव्हा तिला झग्याच्या बाह्या दिसल्या. धडाला हात नसतात, त्यामुळे बाह्या नुसत्या लोंबायच्या; आकार यावा म्हणून आत मऊ कागदाच्या गुंडाळ्या सरकवलेल्या. दोन्ही बाह्यांवर, कोपराच्या आतल्या बाजूला, चुण्या पडल्या होत्या. जुन्या नव्हेत. जुनी प्रत्येक चुणी तिला तोंडपाठ होती. या ताज्या होत्या, धारदार.

दमट हवा, ती मनाशी म्हणाली. पण हवेतली ओल मोजायचा काटा जिथल्या तिथे होता. मग कागद बसला असेल, असं म्हणून तिने कागद बदलला. पाण्याचा बारीक फवारा मारून, बाही तळहाताने काचेच्या पट्टीवर दाबून चुण्या घालवल्या. ओलं असताना लिनन गार लागतं, कोवळंही लागतं. तिने निगुतीने काम केलं आणि विषय संपवला.

पुढच्या सकाळी चुण्या पुन्हा होत्या. उजव्या बाहीवर जास्त.

ती स्टुलावर बसून बघत राहिली. लिनन आपोआप सुरकुतत नाही. ते कुणीतरी वाकवावं लागतं, आणि वाकवून बराच वेळ तसंच धरावं लागतं. हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? सुताराने चेष्टा केली असेल, म्हणून तिने त्याला विचारलं.

"ताई, मी त्या झग्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही," तो म्हणाला. "फाटला तर तुम्ही मला भिंतीवर टांगाल."

तो नेहमीसारखा हसला. ताईही हसली, पण त्या दिवशी तिने पाठ भिंतीला लावून काम केलं.

४

"मागे दिवा कशाला लावला गं?" आई त्या संध्याकाळी म्हणाली. "कमरेला चटका बसतो."

पलंग भिंतीला टेकलेला होता. मागे भिंतीशिवाय काही नव्हतं.

"कुठे दिवा, आई? नाहीये."

"बरं." आईने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. "आणि तो कपाळावर चष्मा ठेवतो तो कोण?"

ताईच्या हातातली वाटी हातातच राहिली.

"माणसाला पेनाने दाखवतात का कधी? बाजारातला भोपळा आहे का मी? मागे जाऊन वाकून बघत होता मेला. मी तुला हाक मारत होते. तू तिथेच होतीस की."

साहेबांच्या चष्म्याची नक्कल ताईने घरी कैकदा केली होती. आई तेच बोलत असणार. पेनाचंही कधी बोलण्यात आलं असेल. नवीन गोळीने स्वप्नं पडतात असं डॉक्टर म्हणालेच होते. झालंच तर, म्हातारपणी माणूस कशाचं काय जोडेल सांगता येत नाही. तिने एकेक कारण उभं केलं आणि ती सगळी एकमेकांना टेकून कशीबशी उभी राहिली.

पण पेनाबद्दल ती घरी बोललेली नव्हती. बोलावं असं त्यात होतं काय?

धड काढून टाकायचं असतं तर अजून वेळ होती. सुताराचं जुनं धड कोपऱ्यात होतं. त्यावर झगा चढवला असता तर साहेब पुन्हा हँगर म्हणाले असते, इतकंच. पण दुसऱ्या दिवशी उद्‌घाटन होतं, निमंत्रणं गेली होती, आणि वर्तमानपत्रात फोटो आला होता तो नेमका याच झग्याचा. फोटोखाली ताईचं नाव होतं. ते कात्रण तिने आईला दाखवलं नव्हतं.

५

उद्‌घाटनाला माणसांची रीघ लागली. लिननला उजेड सोसत नाही म्हणून दालनात मंद दिवे होते. इथेही झग्यामागचा तेवढा जरा ठळक. पातळ झालेल्या कापडातून आतल्या अंगाची कड स्पष्ट दिसत होती. लोक दोरीपलीकडून मान लांब करून बघत होते.

ताई माहिती सांगत होती आणि छान सांगत होती. आतलं लिनन स्वच्छ आहे एवढं कळावं म्हणून श्रीमंत लोक बाहीतून त्याची कड कशी बाहेर काढत; ज्यांच्याकडे बदलायला दुसरा झगा नसे ती माणसं पहिला वाळेपर्यंत पांघरूण घेऊन कशी बसून राहत. लोक ऐकत होते. साहेब लांबून कौतुकाने बघत होते.

"बाई खात्यापित्या घरच्या दिसतात!" गर्दीतून एक गृहस्थ म्हणाले. हशा पिकला.

आणि ताईच्या तोंडून निघून गेलं, "आणि खाल्लं कुठे गेलं ते बघायचं तर मागून या."

हशा दुप्पट झाला. त्या हशाने तिला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत तिच्या बोलण्यावर एवढी माणसं कधी हसली नव्हती. ती स्वतःही हसत झग्याकडे वळली, आणि तिचं हसू तिथेच विरलं.

बाह्या पुढे आल्या होत्या. सकाळी दोन्ही बाजूंना लोंबत होत्या, त्या आता पोटाखाली एकमेकींवर येऊन टेकल्या होत्या, अंघोळीच्या वेळी अचानक दार उघडलं तर बाई झाकायला हात घेते तशा. आतला कागद बारीक कुरकुरला.

"पोझ काय सुंदर दिलीय," मागून कुणीतरी म्हणालं.

ताईने पुढची माहिती सांगितली. कॉलरविषयी सांगितलं, सूटविषयी सांगितलं. आवाज तिचाच होता, पण तो तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटत होता. तिने झग्यावर साधी चादरही टाकली नाही. सगळ्यांसमोर टाकायची म्हणजे कारण सांगावं लागलं असतं.

घरी वहिनी दारातच उभ्या होत्या. "बरं झालं बाई आलात. चांगल्या बोलत होत्या हो माझ्याशी, आणि एकदम पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं. रडतायत. काही केल्या सांगत नाहीत."

ताई पलंगापाशी बसली आणि पांघरुणावर हात ठेवला.

"हात लावू नकोस," आई आतून म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तू पण हसलीस गं."

६

त्यानंतर आईने कपडे बदलू दिले नाहीत. गरम पाणी आणलं, कडी घातली, पडदा ओढला, सगळं केलं. आई दोन्ही हातांनी गाऊनचा गळा आवळून धरायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. खोलीला वास येऊ लागला. वहिनी आल्या आल्या खिडकी उघडायच्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पाठीला जखमा होतील आणि मग त्या भरायच्या नाहीत. "तुम्ही लेक आहात," ते म्हणाले, "तुमचं त्या ऐकतील."

डॉक्टर गेल्यावर ताई पलंगापाशी बसली.

"आई, एकदाच बदलू दे. मी बघत नाही. डोळे मिटून करते."

"इथे मिटून काय होणार?" आई भिंतीशी बोलावं तसं म्हणाली. "तिकडे उभी आहे ना मी."

ताईने त्यावर एकही कारण उभं केलं नाही. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी संग्रहालय बंद असतं. त्या दिवशी वहिनींना आईपाशी बसवून ती निघाली.

७

भर दुपार होती. पहारेकरी काकांनी दार उघडून दिलं. "सुट्टीच्या दिवशीही काम? साहेब फार राबवतात हो तुम्हाला," ते म्हणाले आणि डब्याकडे परत गेले.

दालनात तिच्या चपलांचा आवाज मोठा वाटला म्हणून तिने त्या काढून ठेवल्या. दोरी ओलांडली. आधी मागचा दिवा बंद केला. मग पुढे येऊन उभी राहिली, आणि झग्याचा गळा पाहून तिला पुढे बघवेना. गळ्याचं कापड गोळा होऊन त्यात खोल चुण्या पडल्या होत्या. त्यावर कुणाचीही मूठ नव्हती. फक्त मुठीएवढी जागा आवळली गेली होती.

झगा काढायचा म्हणजे आतलं उघडं करायचं. तिने डोळे घट्ट मिटले.

"आई, मी आहे," ती हळूच म्हणाली. स्वतःचेच शब्द ऐकून तिला वाटलं, हा काय वेडेपणा. कापूस, कागद आणि चिकटपट्टी आहे ही. मी स्वतः केलंय. तिने चाचपत गळ्याची नाडी शोधली. गळा सैल झाला. तिने सोडवला नव्हता. तो सोडला गेला.

कापड काखेत ओलं होतं. आणि कोमट.

ती खालची कड धरून वर सरकवू लागली. पोटावरून, छातीवरून, हात लागू न देता, जमेल तितक्या हलक्याने. बाह्या आपणहून वर झाल्या. रोज सकाळी आईचे हात होतात तशाच, उजवी जरा कमी. ताईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, पण हात थांबले नाहीत. धड मानेपाशी संपत होतं, त्यामुळे झगा तिथून सरळ निघायला हवा होता. तो निघाला नाही. गळा वर कशाला तरी अडकला. तिने सवयीने बोट घालून सोडवला, आणि विरळ, मऊ केस तिच्या बोटांवरून घसरत गेले.

झगा तिच्या हातात आला. भिजल्यासारखा जड, सगळा उलटा झालेला.

समोर कुणीतरी गारठून घेतात तसे लहान लहान श्वास घेत होतं आणि वाट बघत होतं. ताईने रोजच्या सवयीने हात बाजूला नेला, पलंगाच्या कडेवर घडी घालून ठेवलेला धुतलेला गाऊन घ्यायला. हाताला हवा लागली. बदलायला तिने काहीच आणलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेर दार वाजलं. "या, या साहेब," काका म्हणत होते. "आत ताईच आहेत. पाहुण्यांना दाखवा की, काही हरकत नाही." साहेबांचं हसणं ऐकू आलं, मग बऱ्याच जणांची पावलं, आणि कुणीतरी विचारत होतं, तो फोटोतला झगा कुठे आहे म्हणून.

श्वास थांबले. ताईने डोळे उघडले नाहीत. तिने झगा सुलटा करायचा प्रयत्न केला, पण ओल्या बाह्या आतल्या आत गुंतल्या होत्या आणि पावलं दालनाच्या दारापाशी आली होती. मग ती तशीच पुढे झाली, दाराकडे पाठ केली आणि जमेल तेवढं झाकायला दोन्ही हात पसरले. एवढ्या मोठ्या अंगाला तिचे दोन हात कुठवर पुरणार होते?